युद्धात अनाथ झालेल्या मुलांची कादंबरी तेरा वर्षांच्या मुलाला वाचायला द्यावी का?

रशियन लेखक अनातोली प्रिस्ताव्किनची ती अनाथ जुळ्या भावांची कादंबरी मुलाला द्यावी की तो खचेल, असं तुम्ही विचारलंय. द्या. खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो. पण 'खचेल' हा शब्द वाचला आणि राहवेना. याच शब्दावरून नागपुरात माझं कडाक्याचं भांडण झालेलं आहे.

2004 ची गोष्ट. शहरातल्या एका बालगृहात मी संध्याकाळी मुलांना शिकवायला जायचो. नागपूर स्टेशनवर हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही लाइनी मिळतात, त्यामुळे चारी दिशांनी आलेली पोरं तिथे उतरतात. त्यातली काही बालकल्याण समितीकडून आमच्याकडे यायची. सीताबर्डीच्या फुटपाथावर मला या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर सापडलं होतं. ते मांडीवर घ्यायचं आणि मराठीत सांगत जायचं, रोज जेवणाआधी अर्धा तास.

साश्का आणि कोल्का मॉस्कोजवळच्या तोमिलिनोच्या अनाथालयातले. साश्काचं डोकं, कोल्काचे हात. भूक एवढी, की पाव कापायच्या खोलीपर्यंत भुयार खणायला घेतात. इथे आमची पोरं पार पुढे सरकून बसली. भुयार ढासळतं, चोरी उघडी पडणार म्हणून दोघं कॉकेशसला निघालेल्या मुलांच्या गाडीत चढतात. साल 1944. तिकडची गावं ओस का पडलीत, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्याच वर्षी 23 फेब्रुवारीपासून स्टालिनने तिथल्या जवळजवळ पाच लाख चेचेन आणि इंगुश लोकांना मालडब्यांत कोंबून कझाकस्तान-किर्गिझस्तानकडे धाडलं होतं.

वाटेत एका स्टेशनवर शेजारी दुसरी गाडी उभी असते. गजांआडून मुलं ओरडत असतात, "खी! खी!" जुळ्यांना काही कळत नाही. इथे मी पान उलटायला थांबलो, तर मागे भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा म्हणाला, "पाणी मागून राह्यले ते, सर."

या शब्दाचा अर्थ पुस्तकात खूप पुढे येतो. मी विचारलं, तुला कसं कळलं? मुलगा तेलुगू घरातला. स्टेशनवर उतरला त्या दिवशी तो "नीळ्ळू, नीळ्ळू" म्हणत लोकांच्या मागे फिरत होता आणि लोक त्याच्या हातावर नाणी ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी बोलावलं. पोरांना भुयारं खणायला शिकवता? आधीच अनाथ, त्यात हे रडगाणं, खचतील ती. पुस्तक त्यांच्या कपाटात गेलं. मी म्हणालो, साहेब, जो मुलगा रात्री उशीखाली पोळ्या लपवून झोपतो, त्याला भूक काय ते पुस्तकातून कळायची आहे का? पण तिथे मी त्यांच्या परवानगीने येत होतो. गप्प बसलो. गोष्ट अर्धी राहिली, आणि ते गप्प बसणं मला अजून सलतं.

अधीक्षकांना तेव्हा सांगायचं राहून गेलं ते इथे सांगतो. हे पुस्तक लिहिणारा 1931 साली जन्मला. युद्धात आई वारली, बाप आघाडीवर, आणि तो स्वतः अनाथालयांतून वाढला. कादंबरी आधी टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली, मग 1987 मध्ये मासिकात छापून आली. पुढे 1992 ते 2001 हाच माणूस रशियाच्या दयाअर्ज आयोगाचा अध्यक्ष होता. अनाथालयात चोऱ्या करणाऱ्या पोरांची गोष्ट लिहिणारा हा असा माणूस.

आठ-नऊ वर्षांनी गणेशपेठच्या बसस्टँडवर मागून हाक आली. तोच मुलगा, आता वायरिंगची कामं करणारा. कसे आहात वगैरे काही नाही. "सर, त्या पोट्ट्याइचं मंग काय झालं?"

मी सगळं सांगितलं. चेचेन बंडखोर साश्काला मारतात. त्याला डोंगर बघायचे होते, म्हणून कोल्का त्याला गाड्यावर घालून स्टेशनवर नेतो आणि आगगाडीच्या डब्याखालच्या पेटीत ठेवून देतो. मग अल्हुझूर नावाचा एक चेचेन मुलगा आजारी कोल्काला पाणी पाजतो. खी. कोल्का त्यालाच भाऊ मानतो, त्यालाच साश्का म्हणतो.

"म्हंजे पाणीच होतं ते," तो म्हणाला. त्याची बस लागली होती, ती त्याने सोडली.

आता तुमच्या मुलाचं. साश्काच्या मृत्यूचं प्रकरण आधी तुम्ही स्वतः वाचा, त्यातलं प्रेताचं वर्णन भयंकर आहे. मुलगा तिथे पोचेल त्या दिवशी घरीच थांबा. मूल दहा-अकराचं असतं तर मीही दोन वर्षं थांबा म्हटलं असतं. आणि इंग्रजी जड जात असेल तर पुस्तक मांडीवर घ्या आणि मराठीत सांगा, रोज अर्धा तास पुरतो.