खेड्यातील निरक्षर, देवभक्त आजीच्या हाती मोठ्या कुटुंबाचा कारभार कसा टिकत असे?

आपण विचारले आहे की, शाळेची पायरी न चढलेल्या आणि सदैव देवाचे नाव घेणाऱ्या आजीला एवढे मोठे घर कसे सांभाळता आले असेल, आणि तिच्या भक्तीचा तिच्या कष्टांशी काही संबंध होता का. मी माझ्या आजीच्या आयुष्यावरून उत्तर देतो. ती सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हणजे कायमच्या अवर्षणाच्या पट्ट्यात, नांदली. घरात सगळे तिला मोठी आई म्हणत.

तिचा अधिकार वयामुळे आला होता असे नातेवाईक म्हणतात, पण मला ते पटत नाही. तो धान्याच्या हिशोबातून आला होता. जेथे शाळवाचे पीक परतीच्या पावसावर अवलंबून असते आणि मधूनच एखादे वर्ष संपूर्ण कोरडे जाते, तेथे घरात आलेली ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरवणे हेच कर्त्या माणसाचे खरे काम असते, आणि आमच्या घरात ते तिने केले. मळणीपूर्वीच ती टपोऱ्या दाण्यांची कणसे बियाण्यासाठी निवडून बाजूला काढी. उरलेले धान्य कडक उन्हात वाळवून कडूनिंबाच्या पाल्यासह कणगीत भरले जाई, आणि त्यातून बलुतेदारांचा, पाहुण्यारावळ्यांचा आणि लेकी बाळंतपणाला येतील त्या महिन्यांचा वाटा मनात धरूनच ती रोजचे दळण काढून देई. बियाण्याच्या मडक्याला हात लावण्याची मुभा मात्र कोणालाच नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात या नियमाची परीक्षा झाली. त्या वर्षी ती थोरल्या दोन लेकींना घेऊन दुष्काळी कामावर जात असे, कधी खडी फोडायला, तर कधी पाझर तलावाच्या भरावावर माती टाकायला. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो, म्हणजे ज्वारीसारखे धान्य, मिळे आणि कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, मिळे. स्वतःच्या वाट्याची सुकडी ती पदरात बांधून धाकट्या मुलांसाठी घरी आणी, असे माझे वडील सांगतात. भाकरीला पीठ नव्हते तेव्हाही बियाण्याचे मडके तसेच राहिले, आणि पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा पेरणीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही.

आता भक्तीविषयी. ती माळकरी होती. तिला अक्षरओळख नव्हती, तरी मारुतीच्या देवळात वर्षानुवर्षे ऐकून हरिपाठ तोंडपाठ झाला होता, आणि विजेची गिरणी गावात येईपर्यंत पहाटेच्या दळणाबरोबर तिच्या ओव्या चालत. एकादशीला ती स्वतः निरंकार उपवास करी, परंतु शेतात काम करणाऱ्या माणसांच्या भाकऱ्या त्या दिवशीही तीच थापत असे, कारण आपल्या व्रतासाठी दुसऱ्याने उपाशी राहावे हे तिला मान्य नव्हते. पंढरीच्या वाटेलाही तिने हाच न्याय लावला. माऊलींची पालखी फलटणला आली की आमच्या गावची मंडळी तेथे जाऊन सोहळ्यात सामील होत. मृगाचा पाऊस वेळेवर होऊन बाजरी, मटकी पेरून झाली असेल, तरच मोठी आई डोक्यावर तुळस घेऊन त्यांच्याबरोबर निघे. पाऊस लांबला तर आषाढी चुके आणि ती कार्तिकीला जाई. पेरणी टाकून गेलेल्या वारकऱ्याला विठ्ठल परत पाठवतो, असे ती अगदी मनापासून म्हणत असे.

माझ्या मते वारीचे तिच्या आयुष्यातील स्थान केवळ धार्मिक नव्हते. वर्षभरात कोणीही तिच्याकडे काही मागत नाही असे दिवस तिला तेवढेच मिळत. शिवाय निघताना ती कोठीच्या किल्ल्या थोरल्या सुनेच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हाती देई आणि परतल्यावर कणगीत किती उरले याचा हिशोब घेई. आई कारभार शिकली ती अशीच.

हे सर्व सांगताना तिच्या करड्या बाजूविषयी मौन पाळणे मला योग्य वाटत नाही. पुरुषांची पंगत उठल्याशिवाय सुनांनी जेवायचे नाही, विटाळाच्या दिवसांत बाजूला बसायचे, हे नियम तिनेच कसोशीने पाळायला लावले. त्यांतून सुनांच्या मनात साठलेला राग आजही बोलण्यातून जाणवतो आणि तो रास्त आहे.

कागदोपत्री मात्र ती कोठेच नव्हती. सातबाऱ्यावर भावंडांच्या वतीने आजोबांचे नाव ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लागले होते. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिला अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा अनेक गावांत नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. तो विचार आमच्या वाड्यावस्तीपर्यंत पोहोचला नाही. भावांमध्ये वाटणी झाली तेव्हा आमच्या हिश्शाच्या उताऱ्यावरही एकट्या आजोबांचेच नाव आले, आणि तिचे नाव लागले ते त्यांच्या पश्चात, मुले व मुली यांच्याबरोबर वारस म्हणून.

त्या वेळी भावकीतल्या जाणत्या माणसांनी सुचवले की लेकींकडून हक्कसोडपत्र करून घ्यावे, म्हणजे पुढे तंटा नको. मोठ्या आईने बैठकीतच सांगितले, ‘‘पोरींची नावं कमी व्हायची न्हाईत. दुष्काळात त्यांनीबी माझ्याबरोबर माती वाहिलीया.’’ त्यावर कोणी बोलले नाही. ती गेल्यानंतरही माझ्या आत्यांची नावे त्या उताऱ्यावर कायम आहेत, आणि सुगी झाली की त्यांच्या वाट्याची ज्वारी आई स्वतः मापून त्यांच्याकडे पोहोचती करते.