महिन्यातून एकदाच, पण भरपूर पिणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूवर पुढे परिणाम होतो का?

ताई, तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, रोज पीत नाही, पण महिन्यातून एकदा मित्रांबरोबर 'बसतो' तेव्हा भरपूर पितो. तरी त्याला चढत नाही, स्वतःच्या पायांनी घरी येतो. याचं पुढे काही नुकसान होतं का, असं तुम्ही विचारलंय. होऊ शकतं. आणि रोज पीत नाही, चढत नाही, या ज्या दोन गोष्टींवर तुम्ही धीर धरलाय, त्यांचीच मला जास्त काळजी वाटते. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात व्यसनमुक्ती ओपीडीत समुपदेशक आहे.

आधी 'चढत नाही'चं बघू. डोळ्यांवर झापड येणं, तोल जाणं, हे शरीराचं 'आता पुरे' म्हणणं असतं. किशोरवयात ते उशिरा येतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलंय: तेवढ्याच दारूने मोठा उंदीर लवकर झोपतो, कोवळा जागाच राहतो. स्मरणशक्तीला मात्र कोवळ्याच्या जास्त धक्का बसतो. म्हणजे थांबायची वेळ कळत नाही आणि मार मेंदूला बसत राहतो. मोठा पुरुष दोन तासांत इतकी प्यायला की रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांवर जातं, त्याला डॉक्टर 'बिंज' म्हणतात. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. सतरा वर्षांच्या मुलाने दोन तासांत एक क्वार्टर संपवली, तर तो त्या ०.०८ च्या आसपास सहज पोहोचतो.

बारावीतला एक मुलगा गटारीनंतर वडिलांबरोबर आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्याला दादरला लोकल पकडल्याचं आठवत होतं, त्यानंतर एकदम घरातली गादी. मधल्या वेळात त्याने रिक्षाचे पैसे दिले होते, मैत्रिणीला फोन केला होता, मित्राशी बिलावरून भांडला होता. कॉल लॉग त्याच्याच मोबाइलवर होता आणि तो अनोळखी माणसाची गोष्ट ऐकावी तसा बघत होता. तो बेशुद्ध पडला नव्हता. आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, तेवढा वेळ बंद होता. मुलं याला 'आउट झालो' म्हणून हसतात. तुमच्या मुलाला एकदा शांतपणे विचारा, त्या रात्रीचं सगळं सलग आठवतं का.

आता 'रोज नाही'बद्दल. कपाळामागचा मेंदू, जो आवरतो, थांबवतो, पुढचा विचार करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अमेरिकेत १२ ते २१ वयाच्या आठशेहून जास्त मुलांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढले गेले. जी पुढे जोरात प्यायला लागली, त्यांच्या या भागातलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशींनी भरलेला भाग) इतरांपेक्षा वेगाने घटलं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या सुभाष पांडे यांनी किशोरवयीन उंदरांना दोन दिवस दारू, दोन दिवस बंद, अशी दिली. दारू सुटून बराच काळ गेला, उंदीर मोठे झाले, तरी ते जास्त घाबरट राहिले आणि मिळाली की जास्त दारू पीत. भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागातल्या काही जनुकांचं काम मंदावलं होतं. २०२२ मध्ये त्यांच्याच गटाने त्यातल्या 'आर्क' जनुकाचं काम पुन्हा वाढवलं, तेव्हा उंदरांची भीती आणि पिणं दोन्ही कमी झालं. मला यात मोठी आशा दिसते, पण माणसासाठी तो उपचार अजून आलेला नाही.

माझ्यासमोर बसणारे तिशीतले पुरुष 'टेन्शन येतं म्हणून पितो' म्हणतात. सुरुवात कधी झाली विचारलं की बऱ्याचदा अकरावी-बारावी निघते. उतावळी, घरच्या तणावातली मुलं मुळातच लवकर पितात, त्यामुळे सगळा दोष दारूवर टाकता येत नाही. तरी १९९७ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी व्यसनात अडकले होते. विशीत सुरू केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं.

'बाहेर पिण्यापेक्षा घरात, आमच्यासमोर पी' हा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. पालकांनी दिलेल्या दारूने मुलं सुरक्षित राहत नाहीत, हे ऑस्ट्रेलियातल्या दीर्घ पाहणीत दिसलंय. महाराष्ट्रात कायद्यानेही दारूसाठी २५ आणि बिअरसाठी २१ वर्षं लागतात. तो पिऊन येईल त्या रात्री वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बोला. आणि हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर झोपेल म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडीतही जाता येईल. तो यायला तयार नसेल, तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं.