आधी मिस्त्री, मग गाडी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला तू पाठवलेला तक्ता मी सकाळी चहा घेताना पाहिला. डावीकडे २०१६ची फियाटची अबार्थ पुंटो, उजवीकडे २०१८ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. अश्वशक्ती, टॉर्क, किलोमीटर, रंग, विमा संपायची तारीख, असे अकरा रकाने भरलेस. खाली लिहिलंस, "काका, डोकं चालेनासं झालंय, तुम्ही सांगाल ती घेतो." वाचून जीव कळवळला. स्वतःच्या पगारातून पै-पै बाजूला टाकून माणूस मनातली गाडी घ्यायला निघतो, तेव्हा पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे. पण तक्ता पुन्हा वाचला आणि रागही आला. अकरा रकाने भरलेस आणि बारावा सुचला नाही? ही गाडी सांभाळणार कोण? मिस्त्री कोण?

आधी मिस्त्री, मग गाडी. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. तुला कंटाळा आला तरी चालेल.

तुला चालवायला मजा येणारी गाडी हवी आहे, हे मी धरून चाललोय. त्यावर वाद नको. 'मायलेज देणारी साधी गाडी घे' असं सांगायला घरात माणसं भरपूर आहेत.

दोन्ही गाड्या आपल्याच जिल्ह्यातल्या. पोलो चाकणची, पुंटो रांजणगावची. अबार्थ ऑक्टोबर २०१५मध्ये आली, तेव्हा किंमत दहा लाखांच्या जराशी खाली होती. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क. पोलो जीटी टीएसआय २०१३ची, १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर आणि आपोआप गिअर बदलणारा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. तुझ्या तक्त्यात या ४० अश्वशक्तीच्या फरकाला तू लाल रंग दिलायस. तो फरक खरा आहे. बापदेव घाटात अबार्थ दुसऱ्या गिअरमध्ये टाक, टर्बो भरेपर्यंत क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पाठ सीटला चिकटते. वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं पकड शोधत स्टीअरिंग हातातून ओढून घेतात. स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्त्यावरची खडी तळव्याला कळते. पोलोचं तसं नाही. ती गुपचूप वेगात येते, गिअर कधी बदलला ते कळत नाही, आणि घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा असल्यामुळे पावसात तुझी एखादी चूक पोटात घालते. दोन्ही चांगल्या आहेत. या प्रश्नावर तू तीन आठवडे घालवलेस, ते मला पटत नाही.

खरा फरक वेगळा आहे. पोलोचा डीएसजी सुक्या क्लचचा. दोन क्लच, त्यांना थंड ठेवायला तेल नाही. तू रोज वाकडहून हिंजवडीला जाणार, म्हणजे पाऊण तास पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, गोगलगायीसारखं सरकणं. त्या क्लचला तापवायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. तापला की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरते, आणि पुढे मेकॅट्रॉनिक युनिटने, म्हणजे गिअर बदलणाऱ्या त्याच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूने, दगा दिला तर लाखाच्या घरातला खर्च समोर येतो. म्हणून ती गाडी रिकाम्या रस्त्यावर पळवून बघू नकोस, तिथे ती लोण्यासारखीच चालेल. गर्दीत घाल, अर्धा तास सरकव, मग चढावर थांबवून पुन्हा उचल. थरथर जाणवली तर हात जोड आणि निघ.

अबार्थचं दुखणं निराळं. फियाटने २०१९च्या सुमारास इथली पुंटो-लिनिया बंद केली. रांजणगावचा कारखाना चालू आहे, तिथे आता जीप बनते. पुंटोचे नेहमीचे पार्ट अजून मिळतात, कारण फियाटच्याच लिनियाशी बरेच जुळतात. पण अबार्थचेच म्हणून जे आहेत, त्यांच्यासाठी चार फोन करावे लागतात आणि वाट बघावी लागते. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतली हालचाल ताळमेळात ठेवणारा रबरी पट्टा, कधी बदलला त्याची पावती माग. 'गाडी फार चालली नाही, बेल्ट नवाच आहे' असं मालक म्हणतील. रबर किलोमीटर मोजत नाही, ते वयानेही म्हातारं होतं. जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर आहे, तेव्हा खाली वाकून पोट बघ. आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर त्या पोटावर सह्या करून ठेवतात.

आणि हे सगळं कोण ओळखणार? तू? मी? मी तीस वर्षं गाड्या चालवतोय, तरी टर्बोच्या शाफ्टमध्ये किती ढिलाई चालते हे बोटाने चाचपून मला सांगता येत नाही. ते मिस्त्रीला येतं.

२००३ साली मी पहिली जुनी गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. गर्द हिरवी, देखणी. रविवारी बघितली, सोमवारी पैसे दिले. सात महिन्यांनी चालता चालता बंद पडायला लागली. गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू. चार गॅरेजं फिरलो. एकाने पंप बदलला, दुसऱ्याने वायरिंग उसवलं, तिसऱ्याने आणि चौथ्याने 'साहेब, या गाडीला हात लावत नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं. शेवटी ती सोसायटीतल्या आंब्याखाली चौदा महिने उभी होती. टायर बसले, सीटखाली उंदरांनी संसार मांडला. भंगारवाला आला तेव्हा मी कामावर होतो, चावी तुझ्या काकूने दिली. कितीतरी वर्षांनी एका जाणत्या माणसाला मी सहज लक्षणं सांगितली. त्याने हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, 'क्रँक सेन्सर.' इंजिनाचं फिरणं मोजणारा, हजाराच्या आतबाहेरचा भाग! गाडी वाईट नव्हती रे. तिला ओळखणारा माणूस मी आधी शोधला नव्हता.

पुढची गाडी मी उलट्या टोकाने घेतली. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चकरा मारून एकच विचारत राहिलो, फियाटचे पार्ट सगळ्यात जास्त कोण नेतं? तीन दुकानांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं. पद्मिनीवर हात बसलेले मिस्त्री. त्यांना विचारलं, तुम्ही कुठली गाडी सांभाळाल? म्हणाले, 'पालिओ घ्या, १.६ वाली. पण मला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.' दोन गाड्या त्यांनी नाकारल्या. तिसरी मी २००५मध्ये घेतली आणि चौदा वर्षं चालवली. १०० अश्वशक्ती, आणि खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जो सूर लावायची तो अजून कानात आहे. तुझे बाबा आजही म्हणतात की तिच्यावर घातलेल्या पैशांत दुसरा फ्लॅट झाला असता. झाला नसता. माझ्याकडे वही आहे. चौदा वर्षांत, टायर-बॅटरी धरून, पेट्रोल-विमा सोडून, ४ लाख ३८ हजार. तेवढ्या काळात बाबांनी तीन नव्या गाड्या घेतल्या आणि विकल्या, त्यांची घट मांडून बघ म्हणावं. मी हट्टी होतो, पण हिशेबात चुकलो नव्हतो.

आता एक कबुली. अबार्थ आली त्या महिन्यात मी शोरूममध्ये जाऊन तिच्यात बसलो होतो. पैसे जमत होते. बाहेर येऊन मिस्त्रींना फोन केला. तोवर त्यांचा हात थरथरायला लागला होता. म्हणाले, 'टर्बो आता माझ्याच्याने होणार नाही.' मी घरी आलो. नियम पाळला. त्याचा पस्तावा आजही होतो, तरी नियम बरोबर होता असंच मी म्हणेन. चूक माझ्या आळसाची होती. दुसरा मिस्त्री शोधायला मी चार शनिवार घातले नाहीत. तेव्हा माझं मन अबार्थकडे झुकलेलं आहे, हे लक्षात ठेवूनच माझं बोलणं तोलून घे.

तुला काय करायचंय ते सांगतो. टायमिंग बेल्टचं किट विकणाऱ्या दुकानदारांना विचार, टी-जेटची किटं कोण नेतं? डीएसजीच्या क्लचचं काम कंपनीबाहेर कोण करतं? नावं मिळाली की फोन करू नकोस, जाऊन उभा राहा. दोन तास काम बघ. फियाटवाल्याच्या लॅपटॉपवर मल्टिईसीयूस्कॅन आहे का, फोक्सवॅगनवाल्याकडे व्हीसीडीएस आहे का, ते पाहा; गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारी ही सॉफ्टवेअरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काढलेले जुने पार्ट तो गिऱ्हाइकाला दाखवतो का, आणि 'हे मला जमणार नाही' असं तोंडाने म्हणतो का. हे वाक्य म्हणणारा मिस्त्री सोडू नकोस. मग त्यालाच विचार, या दोन गाड्यांपैकी तुम्ही कुठली सांभाळाल? तो म्हणेल ती घे. तो पोलो म्हणाला तर पोलो घे, माझ्या मनाकडे बघू नकोस. दोन्ही म्हणाला तर अबार्थ.

कागदांबद्दल फार लिहीत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाला २९ आणि ३०. मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच. रिमॅप केलेली, म्हणजे जादा ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार केलेली गाडी असेल तर सोड, आधीच्या मालकाच्या हौसेची किंमत तू का भरायची? दोन्ही गाड्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या आधीच्या आहेत, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मिस्त्रीकडून तपासून घे. टायरवरचे चार आकडे वाच. ३२१८ म्हणजे २०१८चा बत्तिसावा आठवडा, आणि तेच टायर असतील तर चार टायरचे पैसे किमतीतून वजा कर. शिवाय हाताशी लाखभर राखून ठेव. तेवढे उरत नसतील तर सहा महिने थांब.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी येतो. तोवर मिस्त्री मिळाला असेल तर त्याला बरोबर घे. मिळाला नसेल तर गाडी बघायला जायचं नाही, आपण दोघं आधी नाना पेठेत जाऊ. आणि दोन्ही मालकांना आजच फोन करून सांग, आम्ही येऊन बोनेटवर हात ठेवेपर्यंत गाडी सुरू करू नका. पहिला स्टार्ट थंड इंजिनावर आमच्यासमोर व्हायला हवा.

तुझा,
काका