सुट्टी संपली, गोधडी राहिली

प्रश्न: ताई, दिवाळीच्या सुट्टीत नणंदेच्या मुलीसाठी हौसेने गोधडी करायला घेतली, 36 बाय 45 इंचाची. वर सासूबाईंच्या दोन जुन्या सुती साड्यांचे चौकोन, आत त्याच साड्यांची दुहेरी घडी, खाली नवा मांजरपाट. चौकोन मशीनवर मस्त जोडले गेले, मग चारही कडा पण मारून टाकल्या आणि मधे शिवायला गेले तर मशीन अडकायला लागलं, टाके सुटले, एक सुई तुटली आणि मधोमध हा एवढा फुगा! वैतागून कपाटात टाकली. आता बोरनहाणाला द्यायचीय. बाहेर शिवायला देऊ की हाताने जमेल?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: जमेल गं, बाहेर कशाला देतेस. पण आधी सांग, तुटलेल्या सुईचं टोक सापडलं का? ते तू लिहिलंच नाहीस आणि गोधडी बाळाची आहे. नसेल सापडलं तर फ्रीजवरचं मॅग्नेट काढ आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरव, हाताने चाचपत बसू नकोस, बोटात घुसेल. ते मिळेपर्यंत पुढचं काही नाही.

आता फुगा. मशीनला शिव्या देऊ नकोस, चारही कडा आधी बंद केल्यास म्हणजे उशीचा अभ्राच झाला ना तो. मशीनचा पाय वरचं कापड पुढे ढकलत नेतो, कडा बंद मग ते जाणार कुठे, मधेच गोळा होतं. शिवाय मांजरपाट आधी धुतला होतास का? मला नाही वाटत. कोरा असेल तर पहिल्याच धुण्यात आटेल आणि वरच्या साड्यांना चुण्या पडतील. म्हणून कडा उसव. हो, चारही. मांजरपाट कढत पाण्यात भिजवून धू, वाळव, इस्त्री कर. आटून बारका पडला तर दुसरा आण, चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचा, तोही आधी धुवायचा.

मग तिन्ही थर लादीवर पसर. सतरंजीवर नको, मी एकदा अख्खी ओळ सतरंजीसकट शिवली होती आणि उचलायला गेल्यावर कळलं. मधून बाहेर तळहाताने सारखं करत जा आणि वीत-वीत अंतरावर उभा-आडवा कच्चा दोरा घाल. याचा कंटाळा करायचा नाही, निम्मी गोधडी इथेच होते.

आपल्या आज्या काठापासून सुरू करून गोल गोल आत यायच्या, फुगा हाताने पुढे सरकवत. पण त्यांची लुगडी वापरून वापरून मऊ झालेली आणि हात बसलेला. तू पहिल्यांदाच करतेयस तर मधल्या ओळीपासून सुरू कर आणि दोन्हीकडे बाहेर जा, जास्तीचं कापड आपोआप कडेला निघतं. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घे, दाभण नको, भोकं दिसतात. दोरा सुतीच, मेन रोडला गेलीस तर भरतकामाच्या सामानात आठ नंबरचा पर्ल कॉटन बघ. हातभरच ओवायचा, लांब घेतला की गुंता ठरलेला. साधा धावदोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मोठ्या टाक्यात बाळाची बोटं अडकतात. गाठ वर ठेवू नकोस, हलका झटका देऊन थरांच्या आत ओढून घे.

दीड इंचावर ओळी धरल्या तर 24 होतात. मला एका ओळीला 20 मिनिटं लागतात, तू अर्धा तास धर. रोज दोन केल्यास तर 12 दिवस. पेपरात निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या सुरू झाल्यात, गोधडी मांडीवर घेऊन बसायला हाच सीझन, मे महिन्यात कोण बसणारे! आणि बोरनहाण काही संक्रांतीलाच करायला पाहिजे असं नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, नणंदेला तसं आत्ताच सांगून ठेव.

कडा सगळ्यात शेवटी. जास्तीचा मांजरपाट वर दुमडून हेम घाल, किंवा सासूबाईंच्या साडीचा काठ उरला असेल तर त्याचीच पट्टी लाव, मी तरी काठच लावला असता. टाचण्या मोजून लाव, मोजून काढ, आणि द्यायच्या आधी ते मॅग्नेट परत एकदा फिरव.