कर्म, कर्मा आणि पोलंडातली पिशवी

प्रश्न असा आहे: "माझा भाचा पोलंडमध्ये शिकतो. त्यानं तिथल्या दुकानातला फोटो पाठवला. कुत्र्यामांजरांच्या खाण्याच्या पिशव्यांची रांग आणि प्रत्येकीवर मोठ्या रोमन अक्षरांत 'कार्मा'. हा आपलाच शब्द तिकडे गेला का? आणि हल्ली आमच्या घरातली मुलं 'कर्म' न म्हणता 'कर्मा' म्हणतात, ते चूक की बरोबर?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही, तो आपला नव्हे. पोलिश भाषेत 'कार्मिच' म्हणजे खाऊ घालणे. त्यावरून जनावरांचं खाणं ते 'कार्मा', आणि खिडकीबाहेर पक्ष्यांना दाणे ठेवायचं घरकुल ते 'कार्मनिक'. रशियनमधला 'कोर्म' हा त्याचाच भाऊबंद. शेजारच्या चेक प्रजासत्ताकात तर 'कार्मा' म्हणजे न्हाणीघरातला गॅसचा गीझर! हंगेरियनमध्ये मांजराच्या पंज्याची नखी 'कार्मा' होते. तिबेटी-लडाखीतला 'स्कर्मा' म्हणजे तारा. भूतान-सिक्कीमकडे माणसांचं नाव म्हणून जो 'कर्मा' भेटतो तो मात्र संस्कृतातूनच गेलेला. सारखे दिसणारे सगळेच नातलग नसतात.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे, कारण मराठीत हा शब्द एकदा नव्हे, अनेकदा आलाय, आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं.

सगळ्यात जुनी वाट तोंडातोंडी. 'कृ' म्हणजे करणे, त्यापासून 'कर्मन्'. प्राकृतात त्यातला रफार पुढच्या व्यंजनात विरला आणि 'कम्म' झालं. पुढे ते द्वित्त सुटलं, त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला, आणि उरलं 'काम'. घर्म–घम्म–घाम आणि चर्म–चम्म–चाम (चामड्यातलं) हेही याच रस्त्यानं आले. म्हणजे आपण रोज सकाळी डबा घेऊन जातो ते 'कामाला', हेच मुळात कर्माला जाणं. 'काम-क्रोध'मधला काम वेगळा, तो इच्छेचा. दोघांचे उगम निराळे, मराठीत येऊन मात्र ते एकसारखे दिसू लागले. म्हणून 'कामसू' म्हटलं तर कौतुक होतं आणि 'कामुक' म्हटलं तर भांडण.

मधला 'कम्म' कायमचा गेला असं वाटलं होतं, पण तोही परत आला. 1956 च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर मराठीत 'धम्म' हा शब्द पक्का रुजला आणि त्याच्याबरोबर पालीतला 'कम्म'ही बौद्ध लेखनात दिसू लागला. त्याचा अर्थही नेमका आहे. बुद्धाचं वचन आहे, 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि', म्हणजे चेतनेला, हेतूला मी कम्म म्हणतो. जैन परंपरेत उलट कर्म म्हणजे चक्क द्रव्य, आत्म्याला चिकटणारे पुद्गलाचे कण, आणि त्याचे ज्ञानावरणीय, मोहनीय वगैरे आठ प्रकार. एकाच्या लेखी मनातला हेतू आणि दुसऱ्याच्या लेखी धुळीसारखा चिकटणारा पदार्थ, शब्द मात्र एकच!

फारसीच्या दारानंही याच धातूचं कुटुंब आत आलं. फारसीतला 'कार' म्हणजे काम, तो आपल्या 'कृ'चा जुना इराणी सोयरा. कारखाना, कारकून, कारागीर, बेकार, एवढंच काय 'सरकार'सुद्धा त्यातलंच. 'बेकार' आणि 'कर्मदरिद्री' हे असे दूरचे चुलतभाऊ निघतात.

आता पुस्तकी 'कर्म'. हा शब्द पोथीतून उतरला, पण घरात शिरताच त्यानं अर्थ फिरवला. आमची आजी गॅसवर दूध ठेवून शेजारणीशी दारात बोलत उभी राहायची. करपट वास आला की धावत आत यायची, ओट्यावर पसरलेलं दूध बघायची आणि कपाळाला हात लावून म्हणायची, "कर्म माझं!" व्याकरणाच्या तासाला विचाराल तर 'आजीनं दूध तापवलं' या वाक्यात कर्म म्हणजे दूध, आणि आजी कर्ता. आजीच्या मते मात्र कर्ता कुणीच नव्हतं, होतं ते फक्त कर्म. म्हणजे नशीब.

'दैव देतं आणि कर्म नेतं' या म्हणीत मात्र उलटं आहे. तिथे दैव एका बाजूला आणि कर्म दुसऱ्या बाजूला. नशिबानं दिलेलं आपण आपल्या करणीनं घालवतो. आजीचं कर्म म्हणजे नशीब, म्हणीतलं कर्म म्हणजे नशिबाचा शत्रू, आणि ही म्हणही आजीच्याच तोंडची! यात तिला काही विसंगत वाटत नसे, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. मागच्या जन्मीच्या करणीचं फळ ते या जन्मीचं प्रारब्ध, असं एकदा मानलं की कारणाचं नाव परिणामाला चिकटायला वेळ लागत नाही. 'कर्मधर्मसंयोगानं शेवटची बस मिळाली' म्हणतो तेव्हा त्यात ना कर्म असतं ना धर्म, उरतो फक्त योगायोग.

हिंदीतून मराठीत येताना सावध राहावं लागतं. मुंबईत निवडणुकीच्या दिवसांत हिंदी फलक लागतात, 'कर्मठ एवं ईमानदार उम्मीदवार'. मराठी माणूस वाचून चपापतो, की सोवळं-ओवळं पाळतो हे फलकावर कशाला? हिंदीत कर्मठ म्हणजे झटून काम करणारा, आणि संस्कृतातला मूळ अर्थही त्याच्याच जवळचा. मराठीत तो कर्मकांडात अडकून पडला. कव्वालीतला 'करम' तर वेगळाच. तो अरबी, म्हणजे कृपा, औदार्य. 'करीम' हे नाव त्याच मुळाचं. 'करम फूटे'मधला करम आपला, 'मौला का करम' अरबी, आणि 'करमकल्ला' ही कोबीची गड्डी! देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात.

दक्षिणेत आजीला सोबत मिळाली असती. तेलुगू माणूस कपाळावर हात मारून 'ना खर्मा' (माझं कर्म) म्हणतो, तिथे 'क'ला त्राग्यानं हकारही जोडला जातो. तमिळमध्ये 'करुमम्' जुन्या साहित्यात काम, कर्तव्य, आणि आजच्या बोलण्यात किळस आली की तोंडून निघणारा उद्गार. 'करुमादी' म्हणजे मृत्यूनंतरचे विधी. ही मरणाची सावली आपल्याकडेही आहे, 'क्रियाकर्म' उरकलं म्हणतो तेव्हा. तरी त्याच धातूचं 'कार्य' मात्र दोन्हीकडे चालतं. 'घरात कार्य आहे' म्हटलं की आपण आहेराचं पाकीट शोधतो, आणि 'दिवसकार्य' म्हटलं की आवाज खाली आणतो.

मला सगळ्यात आवडतं ते थाई भाषेचं. थाईत लिहितात 'कर्म', उच्चारतात 'कम', आणि त्यावर त्यांनी आधुनिक राज्यकारभाराचा अर्धा शब्दकोश उभा केला. शेती म्हणजे 'क्षेत्र-कर्म', साहित्य म्हणजे 'वर्ण-कर्म', खून म्हणजे 'घात-कर्म', अभियांत्रिकी म्हणजे 'विश्व-कर्म'. आणि कारखानदारीला, उद्योगक्षेत्राला शब्द काय, तर 'उत्साह-कर्म'! आपण 'उद्योग'वर थांबलो, त्यांनी उत्साहही घातला. व्याकरणातलं कर्म त्यांच्याकडेही कर्मच. आणि बस चुकली की थाई माणूस म्हणतो 'वेनकम', म्हणजे वैर अधिक कर्म. पुन्हा आजीच.

ब्रह्मदेशात कम्मचं झालं 'कं', आणि अर्थ सरळ नशीब. चांगलं 'कं' म्हणजे भाग्य जोरावर. टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून माणसानं कर्म करत राहावं असं लिहीत होते, तेव्हा भिंतीपलीकडच्या बाजारात त्याच शब्दानं लोक आपल्या नशिबाला बोल लावत असणार. हा माझा कल्पनाविलास, पण शब्दाचे दोन अर्थ इतके जवळ राहिल्याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

चिनी भाषांतरकारांनी शब्द उसना न घेता आपल्याकडचाच 'ये' निवडला, म्हणजे काम, व्यवसाय. तेच अक्षर जपानीत दोन प्रकारे वाचतात, 'ग्यो' म्हटलं तर काम-धंदा आणि 'गो' म्हटलं तर कर्मफळ. संध्याकाळी उशिरापर्यंत कचेरीत थांबणं म्हणजे 'झांग्यो', आणि 'जिगो-जितोकु' म्हणजे करावं तसं भरावं. आपल्या काम आणि कर्म या जोडीसारखीच ही जोडी.

आता मुलांच्या 'कर्मा'कडे. इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकात शिरला. 1875 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या, पौर्वात्य धर्मविचार आणि गूढविद्येत रस घेणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीनं त्याचा बराच प्रसार केला. पुढे रोजच्या इंग्रजी बोलण्यात पुनर्जन्माची लांबलचक साखळी गळाली आणि उरला रोख हिशेब, आज केलंस, उद्या भरशील. तो शब्द आता फोनमधून परत आलाय, शेवटी 'आ' लावून. 'योगा' आणि 'अशोका' आले तसाच.

तो निव्वळ चुकीचा उच्चार आहे असं मी म्हणणार नाही. लिंग बघा. 'कर्म' नपुंसकलिंगी, 'माझं कर्म'. मुलं म्हणतात 'त्याला त्याचा कर्मा मिळाला', म्हणजे पुल्लिंगी. रूप बदललं, लिंग बदललं, अर्थ बदलला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुरुष बदलला. 'कर्म' आपण स्वतःबद्दल म्हणतो, सुस्कारा टाकून. 'कर्मा' दुसऱ्याबद्दल, हसून. परवाच एका मित्राचा निरोप आला: "रोज माझ्या जागेवर गाडी लावणाऱ्याची गाडी आज टो झाली. कर्मा!" याच निरोपात 'कर्म!' लिहिलं असतं तर मी विचारलं असतं, अरे, तुझीच गाडी नेली का?

म्हणून माझं मत असं: संवादात, गप्पांत 'कर्मा' लिहायला हरकत नाही, तो आता वेगळा शब्द आहे. गीतेवर, बौद्ध किंवा जैन विचारावर लिहिताना मात्र 'कर्माचा सिद्धांत', 'कर्मा सिद्धांत' नव्हे. आणि एक गंमत, जुनी बायामाणसं 'अरे माझ्या कर्मा!' म्हणतात, तिथला 'कर्मा' अस्सल मराठी आहे. ते संबोधन, म्हणजे शब्दालाच मारलेली हाक.

भाच्याला एवढं कळवा, की पोलिश लोकांनाही आता आपलं कर्म ठाऊक आहे आणि तेही 'कार्मा व्रात्सा' म्हणतात, म्हणजे कर्म परत येतं. पण ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला या वाक्याचा दुसरा अर्थ आधी सुचतो, आणि तो फडकं आणायला धावतो.