कुजबुजणारा घुमट आणि हात हलवणारे मनोरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत जुन्या वास्तू आणि संदेशवहन या दोन विषयांवरचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यातही दोन्ही विषय जिथे एकमेकांत गुंततात, असे प्रश्न आम्ही पुढे घेतले आहेत.

प्रश्न : विजापूरच्या गोलघुमटात सज्जाच्या एका टोकाला कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं. मधल्या एवढ्या मोठ्या पोकळीतून आवाज जातो कसा? आणि गर्दी असली की काहीच का कळत नाही?

मधल्या पोकळीतून तो जातच नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्येही असा सज्जा आहे. ध्वनी घुमटावर आपटून समोरच्या बिंदूपाशी एकवटतो, असा तर्क खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी त्याबद्दल मांडला होता. पण तसं असतं तर फक्त बरोबर समोर उभं राहिल्यावरच ऐकू आलं असतं. प्रत्यक्षात भिंतीला कान लावून सज्जात कुठेही उभं राहा, कुजबूज पोचते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी त्यावरून ताडलं, की ध्वनी भिंतीला लगटून तिच्या वळणासोबत पुढे सरकतो. त्यांनी अर्धगोल वाकवलेला पत्रा घेतला, एका टोकाला बारीक शिटी ठेवली आणि दुसऱ्या टोकाला ध्वनीने फडफडणारी ज्योत. पत्र्याच्या आतल्या अंगाला एक अरुंद पट्टी आडवी धरताच ज्योत शांत झाली. मधली सगळी जागा मोकळीच होती, तरीही. पुढे सी. व्ही. रामन यांनीही या विषयावर काम केलं, आणि त्यात गोलघुमट होता.

आता आकडे पाहू. उघड्यावर ध्वनी चहूकडे पांगतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते, म्हणजे ६ डेसिबलनी घटते. भिंतीलगत तो एका पातळ थरात कोंडलेला राहतो. तिथे अंतर दुप्पट झालं तर घट ३ डेसिबलचीच. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे अर्धा वळसा साधारण ६० मीटरचा. तोंडापासून एक मीटरवर ४० डेसिबल असलेली कुजबूज उघड्यावर ६० मीटर गेली तर ४-५ डेसिबल उरेल, म्हणजे नसल्यातच जमा. भिंतीच्या कडेने गेली तर २० च्या पुढे उरते आणि शांततेत कानाला सहज लागते. हा हिशोब अगदी गुळगुळीत भिंतीचा आहे. खडबडीत गिलावा यातलं थोडं खातोच.

कुजबुजच का चांगली चालते, तर तिच्यात ‘स’, ‘श’ अशा घर्षणाच्या, उंच स्वराच्या ध्वनींचं प्रमाण जास्त असतं. तरंगलांबी जितकी आखूड, तितका ध्वनी भिंतीला अधिक बिलगतो. ४००० हर्ट्झला तरंगलांबी सुमारे साडेआठ सेंटिमीटर, तर खर्जातल्या २०० हर्ट्झला पावणेदोन मीटर. जाड आवाज भिंत सोडून घुमटभर पसरतो.

म्हणून करून बघायचं असेल तर सकाळी, वर्दळ सुरू होण्याआधी जावं. तोंड घुमटाच्या मध्याकडे न करता भिंतीच्या कडेने, वितीएवढ्या अंतरावर धरावं आणि स्वर न लावता बोलावं. ऐकणाऱ्याने कान भिंतीशी न्यावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, म्हणजे मध्याकडे तोंड करून ओरडतात. तो आवाज समोर आपटून परत यायला ७६ मीटर कापतो, म्हणजे सुमारे ०.२२ सेकंद लागतात. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे पहिल्या अक्षराचा प्रतिध्वनी बरोबर दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर येऊन बसतो, मग त्याचा प्रतिध्वनी, मग त्याचाही. नुसता गलका उरतो. अशा दहावीस जणांच्या गलक्यात २० डेसिबलची कुजबूज कुठे टिकणार? भिंत तेव्हाही आपलं काम करतच असते.

प्रश्न : त्याच घुमटाला आत एकही खांब नाही. मग भार कोण पेलतं?

चौरस दालनाच्या भिंतींतून निघणाऱ्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि चौकोनाचा अष्टकोन होतो. कुजबुजीचा सज्जा याच कमानींवर आहे आणि घुमटही. घुमटाचा रेटा बाहेरच्या दिशेने असतो. आत झुकलेल्या कमानींच्या बांधकामाचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. उरलेलं सुमारे तीन मीटर जाडीच्या भिंती सांभाळतात. ही महंमद आदिलशहाची कबर, १६५६ सालची. वर जायचे जिने चार कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांत आहेत.

प्रश्न : चीनच्या भिंतीवर धुराने संदेश द्यायचे म्हणतात. नुसत्या धुरातून शत्रू किती आहे हे कसं कळणार? आणि ही भिंत चंद्रावरून दिसते हे खरं का?

धूर किती ठिकाणी आणि तोफा किती, यावरून. मिंग राजवटीच्या पंधराव्या शतकातल्या नियमात हे नेमून दिलेलं होतं. शंभरेक शत्रू असतील तर एक धूर आणि एक तोफ, पाचशेला दोन-दोन, हजारावर तीन-तीन, पाच हजारांवर चार-चार आणि दहा हजारांवर पाच-पाच. दिवसा धूर, रात्री जाळ. तोफेची जोड फार विचारपूर्वक दिलेली आहे. धुक्यात धूर दिसत नाही, वाऱ्यात दोन धूर मिसळून एक होतात, पण तोफेचे बार मोजता येतात. एकच मजकूर दोन निरनिराळ्या वाटांनी पाठवला की एक वाट बंद पडली तरी काम भागतं.

या पद्धतीची मर्यादाही त्यातच दिसते. आधी ठरलेल्या पाच गोष्टींपलीकडे काहीही सांगता येत नाही. शत्रू मागे फिरला, पूल तुटला, दाणागोटा पाठवा, यातलं काही धुरातून सांगायचं तर त्यासाठीही आधी खूण ठरलेली हवी.

चंद्राचं म्हणणं खोटं आहे. चांगल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो. ३,८४,००० किलोमीटरवरून तेवढ्या कोनात सुमारे ११० किलोमीटर रुंदीची वस्तू मावते. भिंतीची रुंदी बहुतेक ठिकाणी १० मीटरच्या आत. ४०० किलोमीटरवरच्या कक्षेतून लांबलचक रेषा कधीकधी या हिशोबापेक्षा बारीक असूनही ओळखू येतात, पण त्यासाठी रंगाचा फरक लागतो. ही भिंत बरीचशी आजूबाजूच्याच मातीदगडाची आहे. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ साली परतल्यावर भिंत दिसली नसल्याचं सांगितलं.

प्रश्न : तारायंत्राच्या आधी फ्रान्समध्ये मनोऱ्यांवरच्या लाकडी हातांनी अख्खी वाक्यं पाठवायचे, असं वाचलं. अक्षरं दाखवायचे का?

अक्षरं दाखवली असती तर फार वेळ गेला असता. क्लोद शाप यांच्या या यंत्रात एक लांब मधला दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन हात असत. हात ४५ अंशांच्या टप्प्यांनी फिरत. प्रत्येक हाताच्या ७ आणि दांड्याच्या ४ स्थिती धरल्या, तर ७ × ७ × ४ म्हणजे १९६ आकृत्या होतात. पण तिरक्या दांड्याच्या आकृत्या लांबून चटकन ओळखू येत नाहीत. म्हणून दांडा आडवा किंवा उभा असतानाच्याच ९८ घेतल्या, त्यांतल्या ६ कामकाजाच्या सूचनांसाठी बाजूला ठेवल्या आणि ९२ उरल्या. सांकेतिक वहीत ९२ पानं आणि पानावर ९२ ओळी. पहिली आकृती पानाची, दुसरी ओळीची. दोन आकृत्यांत ८४६४ शब्दांपैकी किंवा वाक्प्रयोगांपैकी कुठलाही एक.

वर छपरावर हात, खाली खोलीत त्यांचीच छोटी प्रतिकृती आणि मध्ये दोरखंड व कप्प्या. कर्मचारी प्रतिकृती फिरवायचा, वरचे हात तसेच फिरायचे. एक डोळा मागच्या ठाण्याकडच्या दुर्बिणीला, एक पुढच्या. मागच्याने दाखवलेली आकृती जशीच्या तशी उभी करायची आणि पुढच्याने ती उचलली की मगच मोडायची. वही त्याच्याकडे नसे, त्यामुळे आपल्या हातून काय जातंय हे त्याला ठाऊक नसायचं. पॅरिस ते लील ही पहिली रांग १७९४ साली चालू झाली. ठाण्यांसाठी मिळेल ती उंच जागा घेतली जाई. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलवरही हे हात बसवलेले होते.

बिघडायचं काय? धुकं, पाऊस, रात्र. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि दुर्बिणीत आकृती नाचते. शिवाय माणसाची चूक. त्यासाठी ‘मागची खूण रद्द’ अशी एक सूचना राखीव होती, आणि नेमका तिचाच गैरफायदा घेतला गेला.

बोर्दोच्या ब्लाँ बंधूंना पॅरिसच्या रोखेबाजाराचा कल टपालाच्या आधी हवा होता. १८३४ पासून त्यांनी वाटेतल्या तूर शहराच्या ठाण्यावरच्या एका कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी संदेशात ठरलेली चुकीची खूण घालायला लावली. लगेच पाठोपाठ रद्दची सूचना. त्यामुळे बोर्दोला उलगडलेल्या संदेशात ती खूण गळून जायची, पण हात हलताना ती सगळ्यांना दिसायची, आणि त्यांचा माणूस ती टिपून घ्यायचा. तूरच का? कारण पॅरिसहून येणारे संदेश तिथे वहीवरून तपासले जात आणि तोवरच्या चुका काढून टाकल्या जात. खोटी खूण तिथून पुढे घातली तरच बोर्दोपर्यंत टिकणार. १८३६ साली आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याने दुसऱ्याला सांगितलं आणि बिंग फुटलं. पण सरकारी रांगेवर खासगी खुणा घालू नयेत असा कायदाच नव्हता, त्यामुळे भाऊ जवळजवळ मोकळेच सुटले. १८३७ साली तसा कायदा झाला. याला जगातला पहिला सायबर गुन्हा म्हणायची हल्ली पद्धत आहे. आम्हाला ते जरा ओढूनताणून वाटतं. लाच देऊन माणूस फोडणं याहून जुनं काय असेल!

प्रश्न : आयफेल टॉवर पाडायचा होता, तो रेडिओमुळे वाचला हे खरं का? आणि उन्हाळ्यात त्याची उंची वाढते म्हणजे नेमकी किती?

बऱ्याच अंशी खरं. १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या या मनोऱ्याला वीस वर्षांचाच परवाना होता. मनोरा उपयोगी आहे हे दाखवल्याशिवाय तो टिकणार नाही, हे गुस्ताव आयफेल यांनी ओळखलं आणि शास्त्रज्ञांना तो मोकळा करून दिला. १८९८ साली द्यूक्रेते यांनी तिथून सुमारे चार किलोमीटरवरच्या पाँतेऑन या इमारतीपर्यंत बिनतारी संदेश पोचवला. मग लष्कराचे अधिकारी फेरिए यांनी तिथे ठाणं थाटलं. त्या काळच्या लांब लहरींना तशाच लांब तारा लागायच्या आणि त्या टांगायला याहून उंच खुंटी दुसरी नव्हती. १९१० पासून परवाना सत्तर वर्षांनी वाढला.

आजच्या टीव्हीच्या आणि एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे तिथेही उंचीच कामाला येते. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ३३० मीटरला ते सुमारे ६५ येतं. वातावरणात लहरी किंचित वाकतात, म्हणून रेडिओसाठी ३.५७ ऐवजी ४.१२ धरतात आणि उत्तर ७५ च्या आसपास जातं. उंची चौपट केली तर पल्ला दुप्पटच होतो, हे यातून लक्षात येईल.

लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने वाढतं. ३०० मीटर लोखंड आणि ४० अंशांचा फरक धरला तर साडेचौदा सेंटिमीटर. शिवाय ऊन एकाच अंगावर पडतं, ती बाजू जास्त प्रसरण पावते आणि शेंडा सूर्याच्या विरुद्ध बाजूला किंचित कलतो.

प्रश्न : ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या नाट्यगृहात रंगभूमीवर पडलेलं नाणं शेवटच्या रांगेत ऐकू येतं का?

ऐकू येणं आणि ओळखू येणं यात फरक आहे. २०१७ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी तिथे मोजमापं घेतली. नाण्याचा आवाज सगळीकडे पोचतो, पण तो नाण्याचा आहे हे साधारण अर्ध्या रांगांपर्यंतच कळतं. कुजबूज तर पुढच्या रांगांपलीकडे समजत नाही. खणखणीत आवाजात बोललेलं मात्र शेवटपर्यंत नीट कळतं, आणि छप्पर नसलेल्या, हजारो प्रेक्षकांच्या जागेसाठी हेच मोठं कौतुक आहे. त्यात चढत्या दगडी रांगांचा हात आहे. २००७ च्या एका अभ्यासानुसार रांगांची पन्हळी रचना ५०० हर्ट्झच्या खालची घरघर दाबते आणि वरचे स्वर परतवते.

प्रश्न : टीव्हीवर दूरच्या वार्ताहराला प्रश्न विचारला की तो क्षणभर नुसता मान हलवत उभा राहतो. विजेच्या वेगाने संदेश जातो म्हणतात, मग हे का?

संदेश भूस्थिर, म्हणजे पृथ्वीसोबत फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहावरून जात असेल तर उपग्रह विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर असतो. वर जाऊन खाली यायला सुमारे ७१,६०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही ०.२४ सेकंद. प्रश्न गेला आणि उत्तर आलं की अर्धा सेकंद झाला. त्यात चित्र दाबून लहान करायला आणि परत उलगडायला लागणारा वेळ मिसळतो, आणि तो पुष्कळदा प्रवासापेक्षा मोठा भरतो. समुद्रतळावरच्या काचेच्या तंतूंत प्रकाश हळू, सेकंदाला साधारण २,००,००० किलोमीटर जातो, तरीही १०,००० किलोमीटरला ०.०५ सेकंदच लागतात. म्हणून फोनवरचं परदेशी बोलणं आता अडखळत नाही.

उशीर चालवून घेता येतो, परत येणारा स्वतःचा आवाज नाही. आपलंच बोलणं पाव-अर्ध्या सेकंदाने कानात पडलं की भलेभले वक्ते अडखळतात, शब्द ओढू लागतात. म्हणून स्टुडिओतून वार्ताहराच्या कानात जाणाऱ्या ध्वनीतून त्याचा स्वतःचा आवाज आधी वजा केलेला असतो. मुलाखत मध्येच विस्कटली आणि वार्ताहर कानातलं यंत्र ओढून काढताना दिसला, तर ती वजाबाकी करायची राहून गेली असण्याची शक्यता बरीच असते.