अनिश्चितता तत्त्व फक्त भविष्यालाच लागू होतं का?

अनिश्चितता तत्त्व म्हणतं की कणाचं स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकाच वेळी अचूक ठरवता येत नाहीत. तुमचा प्रश्न असा की, इलेक्ट्रॉनचा संवेग आधी अचूक मोजला आणि नंतर स्थान अचूक मोजलं, तर मधल्या काळापुरत्या दोन्ही गोष्टी कळल्याच. मग अनिश्चितता भूतकाळाला लागूच नाही का?

शंका रास्त आहे आणि जुनीही. हे तत्त्व मांडणाऱ्या हायझेनबर्ग यांनी शिकागोतल्या व्याख्यानांत (१९३० मध्ये ती पुस्तकरूपात आली) हे मान्यच केलं होतं. अशा माहितीवरून पुढचं काही वर्तवता येत नाही, तेव्हा ती खरी मानायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, असा त्यांचा सूर. आइन्स्टाइन, टोलमन आणि पोडोल्स्की यांनी १९३१ मध्ये उलट मांडलं: भूतकाळाच्या वर्णनातही अनिश्चितता मानावीच लागते.

माझ्यापुरता हा गुंता सुटला तो आहारोनॉव्ह, बर्गमन आणि लेबोविट्झ यांच्या १९६४ च्या सूत्रामुळे. सुरुवातीचं आणि शेवटचं मोजमाप दोन्ही ठाऊक असताना मधल्या मोजमापाची संभाव्यता ते देतं, आणि काळ उलटा फिरवला तरी तसंच राहतं.

स्थान-संवेगाऐवजी इलेक्ट्रॉनचा स्पिन (कणाचा अंगभूत फिरकीसारखा गुण) घेऊ, सोपं पडेल. कोणत्याही दिशेनं मोजला तरी निकाल 'अधिक' किंवा 'उणे' एवढाच; आणि एक्स व झेड या काटकोनातल्या दिशांचे स्पिनही एकाच वेळी अचूक ठरवता येत नाहीत. आधी एक्स दिशेचा स्पिन मोजला, 'अधिक' आला. शेवटी झेड दिशेचा मोजला, तोही 'अधिक'. मध्ये चुंबकीय क्षेत्र वगैरे काही नाही, म्हणजे स्पिन आपोआप बदलत नाही. मधे कुणी एक्स मोजला असता तर नक्की अधिक. झेड मोजला असता तरी नक्की अधिक. आधी एक्स आणि मग झेड मोजले तरी दोन्ही अधिकच. पण क्रम बदला, आधी झेड मग एक्स, की झेड अधिक राहीलच याची हमी गेली: चारही जोड्या सारख्याच शक्य, प्रत्येकी १/४. म्हणजे तुमचं 'दोन्ही कळलं' हे मध्ये काय आणि कोणत्या क्रमानं मोजलं यावर टिकून आहे.

रॉबर्टसन यांची १९२९ ची असमानता, म्हणजे अनिश्चितता तत्त्वाचं गणिती रूप, यानं मोडत नाही. ती एकाच अवस्थेत तयार केलेल्या असंख्य कणांच्या निकालांतल्या पसाऱ्याबद्दल, म्हणजे ते किती विखुरलेत याबद्दल, बोलते. शेवटचा निकाल बघून कण वेचले की तो समूह वेगळाच होतो. सुरुवातीची अवस्था पूर्ण यादृच्छिक ठेवून नुसत्या शेवटावरून मागचं सांगू लागलात, तर तोच पसारा मागच्या दिशेनंही येतो. फरक एवढाच की सुरुवात आपण हवी तशी तयार करू शकतो; शेवट मात्र आलेल्या निकालांतून निवडावा लागतो.

(ऊर्जा आणि काळ यांच्यातला अनिश्चिततेचा संबंध यात मिसळू नका. तिथला काळ हे मोजमापाचं चल नाही. मांडेलश्टाम आणि टाम यांच्या १९४५ च्या मांडणीत तो एखाद्या राशीची सरासरी तिच्या पसाऱ्याइतकी सरकायला लागणारा वेळ आहे.)